एकेचाळिसावा प्रश्न

यामिनीला अडीच इंची कडी हवी होती. स्वयंपाकघराच्या दाराला, वरच्या अंगाला लावायची. गुंजन अकरा महिन्यांची झाली होती आणि रांगत रांगत थेट गॅसच्या नळीशी जाऊन बसायला लागली होती. सासूबाई म्हणाल्या होत्या, 'पावर हाउसच्या बाजारातून आनजो, सेक्टरातल्या दुकानात टीनपाट भेटते.' त्यामुळे बुधवारी दुपारी सर्वेक्षणाचा अठ्ठावन्नावा, म्हणजे शेवटचा, फॉर्म भरून ती बाजारात उतरली तेव्हा तिला फार हलकं वाटत होतं. पाठीवरच्या पिशवीत टॅबलेट, त्यात अठ्ठावन्न बायकांची बाळंतपणं, सगळी हिरव्या खुणेनं पूर्ण झालेली. शनिवारी संध्याकाळी ते सगळं रायपूरच्या ऑफिसात बंद होणार आणि मग चार दिवस फक्त गुंजन. हार्डवेअरच्या दुकानात गिऱ्हाइकांमागून हात लांब करून तिनं कडी मागितली, आणि काउंटरवरच्या बाईनं मान वर केली. फिकट पिस्ता रंगाचा रिदा, डोक्यावरून घ्यायचा झगा, कडेला पांढरी लेस. नाव आठवायच्या आधी यामिनीला नंबर आठवला. तेवीस. मग नाव, अरवा. याच दुकानाच्या वर राहणारी, दहा महिन्यांच्या मुलाची आणि एका मोठ्या मुलीची आई. माहेर नागपूरचं, इतवारीतलं, म्हणून यामिनीशी हौसेनं मराठीत बोलणारी. तीन आठवड्यांपूर्वी दीड तास दोघी समोरासमोर बसल्या होत्या.

"कशा आहात?" यामिनीनं विचारलं.

"बरी आहे." अरवानं कडी काढून तिची जीभ दोनदा पुढे-मागे सरकवून दाखवली. मग कागदात गुंडाळता गुंडाळता, स्क्रू वेगळ्या मापाचे आहेत असं सांगावं तितक्या सहज, ती म्हणाली, "तुम्ही माझा एक जवाब गलत लिहिला. एक्केचाळीस नंबरचा."

शेजारच्या माणसाला दोन इंची ब्रश हवा होता. अरवानं तो दिला, त्याच्या केसांतून बोट फिरवून दाखवलं, गळत नाहीत म्हणाली, आणि परत यामिनीकडे वळली.

"राहून गेलं असेल," यामिनी म्हणाली.

"राहून नाही गेलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं, मग बेचाळीस विचारला. सही करायला टॅबलेट माझ्याकडे फिरवला ना, तेव्हा मी वाचलं. तिथं 'नहीं' होतं." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "सुरुवातीला तुम्ही तो कागद वाचून दाखवला, त्याच्यात होतं की हे बी विचारू म्हणून. तेव्हापासून मी तयारी करून बसली होती. चाळीस सवाल मी त्याच्यासाठी काढले, ताई."

यामिनीनं पर्समधून पैसे काढले.

"शुक्रवारी माझी अम्मी येऊन राहिली. सुट्टीत मोठीला, जैनबला, नागपूरला घेऊन जाते म्हणते. डिसेंबरमध्ये सात पुरे होतात तिला." अरवानं पुडीला रबर लावला. "स्क्रू चार आहेत, एक जास्तीचा टाकला. लाकूड जुनं असलं की एखादा वाकडा होतो."

ऑटोत बसल्यावर पुडी पिशवीत टाकायचं यामिनीच्या लक्षातच आलं नाही. ती मुठीतच राहिली, आणि कागदातून स्क्रूची टोकं हाताला लागत राहिली. शेजारी बसलेली बाई फोनवर कुणाच्या तरी लग्नातल्या पनीरबद्दल तक्रार करत होती. एकेचाळिसावा प्रश्न यामिनीला तोंडपाठ होता. रायपूरच्या ट्रेनिंगमध्ये, एसी फार लावलेल्या त्या हॉलमध्ये, तो पडद्यावर आला होता तेव्हा आधी शांतता झाली होती आणि मग मागच्या रांगेतून कुणीतरी हसलं होतं. प्रश्न साध्या हिंदीत होता: लहानपणी किंवा नंतर, धर्म, रीत किंवा घराण्याची चाल म्हणून तुमच्या शरीराच्या खासगी भागाला कधी काप दिला गेला आहे का? हो, नाही, सांगायचं नाही. त्यांची सुपरवायझर वैभवीताई पुढे उभी राहून समजावत होती की काही घरांत मुलगी सात वर्षांच्या आसपास झाली की घरातलीच मोठी बाई तिला घेऊन जाते, पुरुषांना बहुधा ठाऊकही नसतं, नंतर कोणी बोलत नाही. पण पुढे लग्नात, गरोदरपणात, तपासणीच्या टेबलावर शरीर ते विसरलेलं नसतं, आणि डॉक्टरला काहीच माहीत नसतं कारण विचारायची पद्धत नाही. 'आपल्या इकडे हे नसतं मॅडम,' एकजण म्हणाली होती. वैभवीताई म्हणाली होती, 'नसतं की विचारलेलं नसतं, ते आपल्याला माहीत नाही. दार लावायचं, आवाज हळू ठेवायचा, आणि विचारायचं. प्रत्येकीला.' मग सरावासाठी जोड्या केल्या. यामिनीच्या जोडीला करिष्मा नावाची दल्लीच्या खाणींकडची मुलगी होती. एकेचाळीस आला तशी करिष्मा तोंडावर कागद धरून म्हणाली, 'आहे का गं काही?' आणि यामिनी म्हणाली, 'नाही गं बाई,' आणि दोघी इतक्या हसल्या की वैभवीताईनं लांबून पाहिलं. तेच पहिलं 'नाही'. तो फॉर्म सरावाचा होता, पुसून टाकला गेला. तरी आता ऑटोच्या धक्क्यांत तिला वाटत होतं, पुढची सगळी त्यातूनच निघाली.

पहिला खरा फॉर्म भिलाई-3 या भागात होता. रेल्वेलाइनच्या अलीकडच्या बस्तीत, पत्र्याच्या खोलीत, एकवीस वर्षांची मुलगी, मांडीवर जुळं. सोबत मितानिन आली होती, वस्तीतली आरोग्याची कामं बघणारी बाई, तिच्याशिवाय घर सापडलंच नसतं. दार लावायला दारच नव्हतं, साडीचा पडदा होता, आणि पडद्याच्या आत सासू पाय पसरून बसलेली होती. चाळीस प्रश्न झाले. एकेचाळिसावा वाचायला यामिनीनं तोंड उघडलं आणि मितानिननं टॅबलेटमध्ये डोकावून हळूच म्हटलं, 'ये वाला रहने दो बहिनजी, हमारे यहाँ ऐसा गंदा काम नहीं होता, बुढ़िया भड़क जाएगी.' जुळ्यातलं एक रडायला लागलं होतं. यामिनीच्या स्वतःच्या अंगात दूध दाटून आलं होतं, कारण तिकडे सेक्टर 10 मध्ये गुंजन चार तासांपासून सासूबाईंकडे होती. तिचा अंगठा 'नहीं' वर गेला. इतकंच. अर्ध्या सेकंदाचं काम. दुसऱ्या घरी तिनं ठरवलं होतं विचारायचं, पण तिथली बाई शाळेत शिक्षिका होती आणि तिला वाटलं, ही काय म्हणेल. तिसऱ्या घरी ठरवायचंही राहिलं. पंधराव्यापर्यंत अंगठ्याला आपोआप कळायला लागलं होतं. चाळीसचं उत्तर येता येताच तो खाली सरकून बसायचा, जसा झोपेतही हात पाळण्याच्या दोरीवर जातो. तेवीस नंबरच्या घरी मात्र, अरवा म्हणाली ते खरं होतं, ती थांबली होती. तिनं रिदा पाहिला होता, आणि ट्रेनिंगमधलं 'काही घरांत' तिला आठवलं होतं. विचारायचं तर इथंच, असं मनात आलं, आणि त्याच्याच पाठोपाठ आलं की बाकी कोणालाच विचारलं नाही आणि हिलाच विचारलं, हे बरं दिसेल का. असा विचार तिनं किती सभ्यपणे केला होता. खाली पाहिलं, बेचाळीस. अरवाच्या घराच्या बाल्कनीला बारीक हिरवी जाळी लावलेली होती, कडेकडेनं तारेनं शिवलेली, बोट जाईल इतकीही फट नाही, आणि निघताना यामिनी म्हणालीसुद्धा होती, 'लेकरांसाठी किती जपून लावलीत.' अरवा हसली होती. 'लेकरांसाठी नाही,' म्हणाली होती, आणि यामिनीनं तेही विचारलं नव्हतं.

क्वार्टरच्या फाटकातच सासूबाई गुंजनला काखेत घेऊन उभ्या होत्या. जयाबाई. पस्तीस वर्षांपूर्वी गोंदियाकडच्या धानाच्या बांधावरून उठून नवऱ्यामागे पोलाद कारखान्याच्या या क्वार्टरांत आलेल्या. सासरे केवलराम कोक ओव्हनमधून रिटायर झाले, मुलगा रूपेश रेल मिलमध्ये लागला, जयाबाईंची भाषा जिथं होती तिथंच राहिली. "घे वं तुहं धन," त्या म्हणाल्या. "दोन घंट्यापासून फाटकाकडं पाहून राहिली. मी कोनी नाईच का?" गुंजन यामिनीच्या अंगावर आली ती तोंड उघडूनच. आतल्या खोलीत, भिंतीला पाठ लावून, पदराखाली ते गरम डोकं घेऊन यामिनी बसली. बाळ प्यायला लागलं की सुरुवातीची दहा-बारा सेकंदं अजूनही तिच्या ओटीपोटात खाली एक ओढ यायची, आणि तिच्या शेवटी टाक्यांची जागा. दुखायची नाही. आहे, एवढं सांगायची.

त्या दिवशी तिला फक्त आवाज ऐकू आला होता. दुखणं इतकं होतं की त्यात नवीन दुखणं वेगळं कळलंच नसतं. पण आवाज कळला. जाड चिंधी कात्रीनं कापावी तसा, ओला, एकच. तिनं विचारलं होतं, काय केलं? मास्क लावलेली नर्स म्हणाली, 'कुछ नहीं, थोड़ा रास्ता बनाया.' मग गुंजन आली, सगळे गुंजनकडे पाहायला लागले, तीही. दवाखान्यातून सुट्टी मिळतानाच्या कार्डावर दहा दिवसांनी तिनं त्या कापाचा इंग्रजी शब्द वाचला आणि फोनवर त्याचा अर्थ शोधला. आधी कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारलं नव्हतं, आणि नंतर 'सगळं नीट झालं ना' असं इतक्या जणांनी इतक्या आनंदानं म्हटलं की हो म्हणण्याशिवाय दुसरं उत्तरच नव्हतं. दोन महिने ती उशीवर बसली. रूपेश जवळ आला की तिचं सगळं शरीर खोलीच्या दाराकडे पाहायचं. तो बिचारा भिंतीकडे तोंड करून झोपायचा. आता गुंजनच्या कानामागच्या लवेवरून बोट फिरवताना तिला वाटलं, म्हणूनच विचारता आलं नसेल आपल्याला. ज्याच्या आत स्वतःलाच जाता येत नाही त्या खोलीत दुसरीला कसं न्यायचं. हे वाटून तिला क्षणभर बरं वाटलं, डोळे भरून आले. आणि मग ते बरं वाटणंच तिला खटकलं. कारण ते खरं नव्हतं. खरं इतकंच होतं की लाज वाटली, घाई होती, आणि एकदा अंगठ्याला सवय लागली. भिलाईच्या रकान्यात आता शून्य येणार होतं. ते शून्य कोणीतरी एखाद्या बैठकीत दाखवणार होतं, आणि ते तिनं आपल्या एका बोटानं बनवलं होतं. आणि पावर हाउसच्या त्या वरच्या खोलीत एक बाई चाळीस प्रश्न मोजत बसली होती, आपली पाळी येईल म्हणून.

गुरुवारी रूपेशनं दुपारच्या बी शिफ्टला जायच्या आधी कडी बसवली. एक स्क्रू खरंच वाकडा झाला. "बरं झालं पाचवा होता," तो म्हणाला, आणि यामिनी दचकली. "काय झालं तुले? कालपासून पाहून राहिलो, बोललं की उडून राहिली." ती म्हणाली, काही नाही, काम संपत आलंय. शनिवारपर्यंत तिला फक्त गप्प बसायचं होतं. अरवा कोणाकडे जाणार होती? तिच्याकडे ना वैभवीताईचा नंबर होता, ना तिला तक्रार करायची होती. तिनं कडी विकली, पाचवा स्क्रू टाकला, झालं. बाळंतपणानंतरचं हे यामिनीचं पहिलं काम होतं. सकाळी साडी नेसून, केस विंचरून, फाटकाबाहेर पडताना आपण पुन्हा एक माणूस आहोत असं वाटायला लावणारं. सांगितलं तर जाणार. आणि सांगून तरी काय, डिसेंबर काही त्यानं थांबणार नव्हता. हे सगळं बरोबर होतं. दुपारी गुंजन झोपल्यावर ती मागच्या आंगणात कपडे वाळत घालायला गेली. दोरीवर सकाळच्या कपड्यांवर नेहमीची लालसर धूळ बसली होती. ती झटकताना तिच्या लक्षात आलं की आपले ओठ हलतायत. लहानपणी किंवा नंतर. धर्म, रीत किंवा घराण्याची चाल म्हणून. पहिल्यांदा घशातच राहिलं. दुसऱ्यांदा 'खासगी भाग' वर जीभ अडली, जसं शाळेत धडा वाचताना अडायची. तिसऱ्यांदा तिनं प्रश्न हिंदीतून काढून मराठीत आणला, आणि मग घरच्या बोलीत, कारण तिथं लपायला जागा कमी होती.

"मंतर म्हनून राहिली का वं?" जामाच्या झाडाखाली लाल भाजी निवडत बसलेल्या जयाबाई म्हणाल्या.

"नाही आई. कामाचा प्रश्न आहे. नीट विचारता आला पाहिजे म्हणून."

"मंग इचार ना. मले इचार. मी काय बाई नाई?"

यामिनीच्या हातात गुंजनचं झबलं होतं. ते पिळून झालं होतं तरी तिनं पुन्हा पिळलं. मग विचारलं. सबंध. डोळे त्यांच्या हातांवर ठेवून, त्या लाल झालेल्या बोटांवर. जयाबाईंची बोटं थांबली नाहीत. एक देठ तुटला, दुसरा तुटला.

"रीत-बीत तं नाई आमच्यात," त्या म्हणाल्या. "पन रूप्याच्या वक्ताले कापलं होतं डागदरीननं. मले मालूमच नाई. घरी आली, बसली, तं जीव गेल्यासारखा झाला. कोनाले सांगू? तुह्या सासऱ्याले? थो म्हने, नखरे करून राहिली, सारा गाव बाळंत होते. सवा महिना एका बाजूनं बसून भाकरी थापल्या मी." त्या हसल्या. हसता हसता त्यांनी निवडलेली भाजी उचलून पुन्हा देठांच्या ढिगात टाकली, आणि तो ढीग मांडीवर तसाच राहू दिला. "पस्तीस वर्सं झाली बाप्पा. कोनी इचारलंच नाई कधी."

यामिनीनं झबलं दोरीवर टाकलं.

"कावून इचारते लोक हे?" त्यांनी विचारलं.

"माहीत असावं म्हणून."

"हं." जयाबाईंनी देठांतून भाजी वेचायला सुरुवात केली. "मंग बरं करून राहिली तू. इतकी गोष्ट तं तुह्या सासूनं आजच सांगतली."

तिथूनच, चप्पल न घालता, आंगणातून समोरच्या व्हरांड्यात जाऊन यामिनीनं रायपूरला फोन लावला. वैभवीताईनं नेहमीच्या आवाजात, 'बोल गं, झाले सगळे?' म्हटलं, आणि यामिनीनं एका दमात सांगून टाकलं, कारण मध्ये थांबली असती तर तिनं मितानिनचं, जुळ्यांचं, पडद्याचं नाव घेतलं असतं. एकेचाळिसावा प्रश्न मी कोणालाच विचारला नाही. सगळीकडे मीच 'नाही' लिहिलं.

"किती?"

"अठ्ठावन्न."

वैभवीताई बोलली तेव्हा आवाज नेहमीचा नव्हता. "यामिनी, तुझा फॉर्म मी सगळ्यांना दाखवत होते. किती स्वच्छ भरते म्हणून." मग म्हणाली, "शनिवारी पाचला बंद होतंय, ते मी बदलू शकत नाही. तोपर्यंत जितक्यांना परत विचारशील तितकी उत्तरं राहतील. बाकीच्यांपुढे मी लिहीन, विचारलं नाही. आणि तुझ्याबद्दल वर कळवावं लागेल मला."

"हो."

"पुढच्या कामात घेतील असं वाटत नाही."

"हो ताई."

"मग आता का सांगतेस?" ती हे खरंच विचारत होती. यामिनीला कोणत्याही बाईचं नाव सांगायची परवानगी नव्हती. ती म्हणाली, "एक जण वाट पाहतेय."

शुक्रवारी दुपारी, सकाळीच अरवाला फोनवर कळवून, यामिनी दुकानाच्या बाजूच्या जिन्यानं वर गेली. सकाळपासून चार घरं झाली होती. दोघी नाही म्हणाल्या, सरळ, चहा ओततानाही. शाळेतली शिक्षिका मात्र नाही म्हणून थांबली आणि मग अर्धा तास आपल्या बाळंतपणाबद्दल बोलत राहिली. एकजण घरी नव्हती. भडकली कोणीच नाही. हे यामिनीला सगळ्यात जास्त लागलं होतं. दार अरवानंच उघडलं. काही न बोलता बाजूला झाली. पुढच्या खोलीत गालिच्यावर तिची आई बसली होती, गोरी, जाडसर, चष्म्यातून हसणारी, आणि तिच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये पाठमोरी बसलेली एक मुलगी. जैनब. नानी तिच्या केसांना तेल लावत होती, बोटांच्या टोकांनी, डोळे अर्धे मिटून, आणि मुलगी त्या बोटांबरोबर मागे-पुढे झुलत होती. बाळ पाळण्यात झोपलं होतं. "या, या," नानी मराठीत म्हणाली. "ही म्हणाली, आपल्याकडची बाई येणार. घ्या, संतरा बर्फी आणली आहे. हिच्या सासरी सगळं भेटते, बस नागपूर नाही भेटत." यामिनीनं बर्फी घेतली. तिला ही बाई आवडली. आपल्याला ती आवडावी याची तिची तयारी नव्हती.

आतल्या खोलीत गेल्यावर अरवानं दार लावलं आणि कडी सरकवली. अडीच इंची, तसलीच. बाल्कनीच्या जाळीतून येणारा उजेड हिरवट होऊन पलंगावर पडला होता. यामिनीनं टॅबलेट उघडला, तेवीस नंबर काढला, आणि वाचायच्या आधी तो उलटा करून मांडीवर ठेवला.

"मी कोणालाच विचारलं नव्हतं," ती म्हणाली. "फक्त तुम्हालाच नाही असं नाही. मला भीती वाटली."

"कशाची?"

"काय माहीत. मलाही कापलं होतं, माझ्या मुलीच्या वेळी. न सांगता." हे बोलायचं तिनं ठरवलं नव्हतं.

अरवानं तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ, मायेनं, आणि मान हलवली. "ते दुखलं असेल. पण ते वेगळं आहे, ताई. तुमच्या हातात त्याच्यातून पोरगी आली. माझ्या हातात काय आलं?"

यामिनीनं मान खाली घातली नाही. तिनं प्रश्न विचारला. सबंध, मराठीत, मागच्या आंगणात घासून घेतलेला. विचारताना तिचा आवाज एकदा फाटला, तरी शब्द गेला.

"हो," अरवा म्हणाली.

पुढचा उपप्रश्न वयाचा होता, पण तो वाचावा लागला नाही. "सात. खालाच्या घरी कबुतरं आहेत, दाखवते म्हणून नेलं अम्मीनं. कबुतरं खरंच होती. पायांत बारकी घुंगरं बांधलेली. मी मोजली, एकोणीस. मग आत बोलावलं. मी तेव्हा बी मोजतच होती, कारण घुंगरांचा आवाज येत होता." ती बाल्कनीच्या जाळीकडे पाहत होती. "घरी आल्यावर अम्मी माझ्यापेक्षा जास्ती रडली. पाय दाबून दिले रात्रभर. तिलाही तिच्या आईनं नेलं होतं. हे बी लिहायची जागा आहे का?"

"आहे. शेरा म्हणून जागा आहे."

"दोन्ही डिलिवरीला डॉक्टर हात लावायची तर मी खाटेवरून वर सरकायची. ती ओरडायची, इतकं काय नाटक. मी काही बोलली नाही. बोलायला कोणी विचारायला तर पाहिजे."

यामिनी लिहीत होती. अंगठ्यानं नाही, एकेक अक्षर, सगळं. शेवटचा उपप्रश्न पडद्यावर आला तेव्हा तिनं तो आधी मनात वाचला. तुमच्या मुलीच्या बाबतीत असं करण्याचा विचार आहे का? पलीकडून नानीचा हसण्याचा आवाज आला, आणि जैनबचा, 'नानी, गुदगुल्या.' यामिनीनं हळू आवाजात विचारलं.

अरवानं रिद्याच्या लेसची एक सुटलेली गाठ नखानं आत ढकलली. "यांना सांगितलं मी परवा. ते म्हणाले, बायकांचं बायकांनी पाहावं. जमातीत काही बोलणं झालं तर पाहू म्हणाले. म्हणजे मीच पाहायचं." तिनं श्वास घेतला. "लिहा. नाही."

यामिनीनं लिहिलं. आजवर अठ्ठावन्न वेळा तिनं हा शब्द न विचारता दाबला होता. आज त्यावर बोट ठेवताना तिला पहिल्यांदा कळलं की तो दाबला की पडदा किंचित थरथरतो.

"आता वाचून दाखवा," अरवा म्हणाली.

यामिनीनं वाचलं. प्रश्न, आणि उत्तर. दार बंद, आवाज हळू, शिकवलं होतं तसं. अरवा डोळे मिटून ऐकत होती, दुसऱ्या कोणाबद्दल काही सांगताहेत असं. मग ती उठली. तिनं कडी सरकवली, दार सताड उघडलं आणि दारातच उभी राहिली. पलीकडे गालिच्यावर नानीनं मान वर केली. तिच्या बोटांत जैनबची वेणी होती, तीन पेडांपैकी एक अजून मोकळा.

"ताई," अरवा मागे न पाहता म्हणाली, "परत वाचा. जरा जोरात."